ज्याची त्याची बंदूक

कारखान्यातून तपासून, शिक्का उठवून आलेली नवीकोरी बंदूक मनुष्य विकत घेतो, आणि आठवडा लोटत नाही तोच तिचा दस्ता बदलण्याची, चापाचा ताण हलका करण्याची किंवा माशी सरकवून बसविण्याची भाषा करू लागतो, हे पाहून पुष्कळांना नवल वाटते. शिंप्याने अंगावर बेतलेला सदरा आणि दुकानात टांगलेला सदरा यांतील भेद ज्याला ठाऊक आहे, त्याला ते वाटू नये. खरे तर प्रश्न उलटा विचारावयास हवा. प्रत्येक बंदूक माणसागणिक घडत असताना सर्वांच्या हाती एकाच मापाची बंदूक देण्याची बुद्धी कोणास व का झाली? याचे उत्तर शोधावयास आदिलाबादचा मुलूख मोठा सोयीचा आहे.

हा मुलूख मराठी वाचकांस परका नाही. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका 1956 पर्यंत आदिलाबादेतच होता. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे 2016 साली चार जिल्हे झाले, त्यांतील एक निर्मळ. निर्मळच्या पूर्वेस दिमदुर्तीच्या परिसरात लोहखनिज सापडे, आणि गोदावरीपलीकडील कोनसमुद्रम येथे मुशीत लोखंड वितळवून पोलाद काढीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. व्हॉयसी यांनी त्या भट्ट्या पाहिल्या, तेव्हा हे पोलाद खरेदी करण्यास इराणातील इस्फहानचा व्यापारी तेथे येऊन राहिला होता. दमास्कसच्या नावाने जगात गाजलेल्या पात्यांचा कच्चा माल असा तेलंगणातील खेड्यांतून जात असे. हे पोलाद मुख्यतः तलवारीचे. पण ज्या प्रदेशात लोखंड ओळखणारे हात पिढ्यान्पिढ्या नांदतात, तेथे बंदुकीचा लोहारही दूर नसतो.

हा लोहार नळी कशी करी? लोखंडाची तापवलेली पट्टी तो सळईभोवती वेटोळे घालून गुंडाळी आणि घण मारून तिचे वेढे एकजीव करी. मग नळी आतून घासून गुळगुळीत होई. दोन नळ्यांचा व्यास अगदी सारखा कधीच येत नसे. म्हणून बंदुकीबरोबर गोळी ओतण्याचा तिचा स्वतःचा साचा देण्याची रीत होती. शेजाऱ्याची गोळी आपल्या नळीत एकतर अडकावयाची, नाहीतर सैल बसावयाची. तोड्याच्या देशी बंदुकीचा दस्ता युरोपीय दस्त्याहून सडपातळ व सरळ असे, आणि नळी त्यावर कातड्याच्या वादीने किंवा धातूच्या पट्ट्यांनी बांधलेली असे. दस्ता मोडला, मालकाचा मुलगा उंच निघाला किंवा घरात चार पैसे अधिक आले, की वाद्या सोडून तीच नळी नव्या लाकडावर चढे. आजोबांची नळी, बापाचा दस्ता आणि नातवाने बसवून घेतलेला टोपीचा घोडा अशी बंदूक म्हणजे त्या घराची वंशावळच. तिचा मालक तिचे गुणदोष जाणून होता. कोणती डावीकडे खेचते आणि कोणतीला दारू कमी लागते, हे त्याच्या हाताला माहीत असे.

ही व्यवस्था मोडली ती सैन्याने. हजार शिपायांना हजार साचे कसे पुरवावयाचे? फ्रान्समध्ये ओनोरे ब्लां याने 1785 साली बंदुकीच्या कळांचे सुटे भाग मिसळून पुन्हा जुळवून दाखविले, आणि अमेरिकन वकील जेफर्सन ते पाहून थक्क झाला. हैदराबादेत निजामाचा फ्रेंच सेनापती रेमाँ याने 1795 साली तोफांचा कारखाना काढला. 'गनफाउंड्री' या नावाने तो भाग आजही ओळखला जातो. पुढे इंग्लंडात एनफील्ड येथे अमेरिकेतून आणलेल्या यंत्रांवर 1853 च्या नमुन्याची रायफल निघू लागली. ती कोणत्याही एका शिपायाच्या खांद्याला नेमकी बसत नसे, परंतु कोणतेही काडतूस तिच्यात नेमके बसे.

हा भेद आदिलाबादने रक्त देऊन अनुभवला. रामजी गोंड आणि त्याचे सोबती यांना 1860 साली निर्मळ येथे फाशी देण्यात आले. एका वडावर हजार माणसे लटकविली, अशी लोकस्मृती आहे. 1940 साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात पडला. जंगल आणि जमीन यांवरील हक्कासाठी त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या गोंडांजवळ भाले, कुऱ्हाडी आणि मोजक्या ठासणीच्या बंदुका होत्या असे सांगतात. ठासणीची बंदूक पुन्हा भरेपर्यंत काडतुसाची रायफल अनेक वेळा बोलते. तेथे बेतून घेतलेल्या शस्त्राचा जिव्हाळा काय कामाचा?

गंमत अशी की, कारखान्याने हे युद्ध जिंकल्यावरही श्रीमंतांनी त्याचा माल मुकाट्याने स्वीकारला नाही. हिंदुस्थानातील संस्थानिक लंडनच्या पर्डी, हॉलंड अँड हॉलंड यांसारख्या पेढ्यांना बंदुका सांगत. दस्त्याची लांबी, त्याचा उतार, गाल टेकण्याची जागा ही सारी मापे मालकाच्या अंगाची. ज्याचा हात आखूड किंवा जो डावखुरा, त्याला सरासरी मनुष्यासाठी केलेली बंदूक कायम थोडी परकी वाटणार. खेळात तर याची कसोटी लागते. कोल्हापूरकडील स्वप्निल कुसाळे याने 2024 साली पॅरिस येथे पन्नास मीटरच्या तीन आसनांच्या रायफल स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरावयाचा, म्हणजे प्रत्येक आसनात खांदा, मान आणि गाल यांचे अंतर निराळे. त्यासाठी अशा रायफलींची खांदापट्टी आणि गालपट्टी हलविता येते. जे काम पूर्वी सुतार करी, ते आता स्क्रू करतो.

शिकारीचा प्रश्न मात्र मिटला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर आदिलाबादच्या अरण्यात बंदूक घेऊन हिंडण्याचे दिवस सरले. तेथील कव्वाल 2012 पासून व्याघ्रप्रकल्प आहे. आणि मालकाने आपल्या मनाप्रमाणे बंदुकीची नळी आखूड करावयाची म्हटली, तरी 1959 च्या शस्त्रकायद्याप्रमाणे त्यासाठीही सरकारी परवाना काढावा लागतो.