सहा गावांतल्या आया आणि साखरेचा आजार



आपल्या गटांतल्या बायकांच्या मुली हल्ली नर्सिंगला जातात. परीक्षा जवळ आली की घोकत बसतात. स्वादुपिंडातून इन्सुलिन, गळ्यातल्या ग्रंथीतून थायरॉक्सिन, काय कमी पडले की कोणता आजार, त्यावर औषध कोणते. मधुमेहाच्या इतिहासात त्यांना कॅनडातल्या टोरांटो शहराचे नाव भेटते. पण त्याच इतिहासात आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांचेही एक पान आहे. आज त्याबद्दल सांगते.

आजार जुनाच. लघवीला मुंग्या लागतात ही खूण आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना ठाऊक होती. औषध मात्र शंभर वर्षांपूर्वीचे. 1921 साली बँटिंग आणि बेस्ट यांनी टोरांटोत इन्सुलिन शोधले आणि जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले. त्याआधी अशी लेकरे उपाशी ठेवून जगवायचे, आणि तीही फार दिवस जगत नसत.

त्यानंतर बरीच वर्षे पुस्तकांत असेच लिहिलेले असायचे की मोठेपणी होणारा मधुमेह हा लठ्ठ आणि वय झालेल्या माणसांचा आजार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यापुढे मात्र तसे नसलेले, त्यामानाने तरुण पेशंट येऊन बसत. इंग्लंडमधले डॉ. डेव्हिड बार्कर तेव्हा सांगत होते की जन्मताना वजन कमी असलेल्या बाळांना मोठेपणी हृदयविकार आणि मधुमेह जास्त होतो. म्हणजे शोध घ्यायचा तर आईच्या पोटापासूनच घ्यायला हवा.

म्हणून 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू झाले. दिवस जाण्याआधीच बायकांचे वजन-उंची मोजून ठेवली. दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घेतली. सासूसमोर सुनेला पाळी विचारणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्या घरोघर फिरतात त्यांना सांगायला नको. दिवस गेल्यावर बाई काय खाते, कोणते काम करते, हेही लिहिले. बाळ झाले की तीन दिवसांच्या आत त्याचे डोके, पोट, दंड आणि कातडीखालची चरबी मोजली.

बाळांचे सरासरी वजन भरले 2.7 किलो. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे हातापायाने काडी, पोटाने लहान, पण पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने टिकून असलेली. 2003 साली हे छापून आले. वरून बारीक, आतून चरबीचे, असे आपले बाळ. नाळेच्या रक्तातही इन्सुलिन जास्त आढळले होते. आपण कारखान्यांच्या पट्ट्यातल्या बायका, ‘साखर खाल्ली म्हणून शुगर झाली’ असे सहज म्हणून मोकळ्या होतो. गोष्ट इतकी सोपी नाही.

आता आईच्या ताटाकडे या. नुसते पोटभर जेवण्याने बाळाच्या वजनात मोठा फरक दिसला नाही. दूध, पालेभाज्या, फळे जास्त वेळा खाणाऱ्या बायकांची बाळे मोठी होती. आणि शेतातले काम, पाणी भरणे, धुणे यांचा भार जिच्यावर जास्त, तिचे बाळ लहान. हे कळायला शास्त्रज्ञ कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण आकड्यांत मांडले की दवाखान्याला आणि सासरलाही ऐकावे लागते.

त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-12 कमी निघाले. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते, भाकरी-भाजीत नसते. मुले सहा वर्षांची झाल्यावर पाहिले, तर आईचे बी-12 कमी आणि फोलेट जास्त असेल तिथे मुलांच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होत होता. म्हणून फोलिक ॲसिडची गोळी बंद करायची नाही हं, ती बाळाच्या मणक्यासाठी लागतेच. पण बारामती-इंदापुरात दारात गाय असते, दूध डेअरीला जाते आणि गरोदर सुनेच्या वाट्याला चहातले चमचाभर येते, हे मला पटत नाही. घरचे अर्धा लिटर मागे ठेवायला गटाच्या बैठकीत ठराव लागत असेल, तर करूया.

गरोदरपणातल्या साखरेची तपासणी आता सरकारी दवाखान्यातही होते. पहिल्या भेटीत 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. त्याला उपाशी राहावे लागत नाही. साखर 140 किंवा जास्त आली तर आधी दोन आठवडे आहार आणि चालणे, तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन देतात. पहिल्यांदा ठीक निघाले तरी सहाव्या-सातव्या महिन्यात पुन्हा करायची. जिला साखर निघाली होती तिने बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत तपासायचे, तेव्हा मात्र उपाशीपोटी. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमारास असते. एका फेरीत दोन्ही उरकते का, ते आशाताईंना आधीच विचारून ठेवा.