तेलावर तरंगणारी मोटार



अकोला जिल्ह्यांतील तेल्हारा हें तालुक्याचें गांव पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या मातीवर वसलेलें आहे. ही माती कपाशीला जितकी उदार, तितकीच रस्त्याला कृपण. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते, वैशाखांत भेगाळते, आणि तिच्यावरील रस्ता लवकरच लाटेसारखा वरखालीं होतो. दमणींतून प्रवास करणाऱ्या वऱ्हाडी माणसाला आपल्या हाडांचा हिशेब ठेवावाच लागे. पोलादी पाट्यांच्या मोटारी आल्या, धक्के कमी झाले. पण मूळचा पेंच सुटला नाहीं. रिकाम्या गाडीला ताठ ठरणारा पाटा भरल्या गाडीला लेचापेचा ठरतो. वेगवान गाडीची तर दुहेरी अडचण! वळणावर तिला ताठपणा हवा आणि खड्ड्यावर मऊपणा.

या पेंचावर तोड काढली ती सित्रोएन कारखान्यांतील पॉल माझेस या फ्रेंच गृहस्थांनीं. त्यांच्यापाशीं इंजिनियरीची पदवी नव्हती. ज्यांनीं वऱ्हाडांत रुईच्या गाठी बांधणारा दाबाचा कारखाना पाहिला असेल, त्यांना बंदिस्त द्रवाचें सामर्थ्य निराळें सांगावयास नको. इंग्लंडांत ब्रामानें १७९५ सालीं जें दाबयंत्र नोंदविलें त्याचेंच तत्त्व येथें आहे. माझेस यांनीं प्रत्येक चाकाशीं एक पोलादी गोळा जोडला. गोळ्याच्या एका अंगास नत्रवायु, दुसऱ्या अंगास तेल, मध्यें रबराचा पडदा. चाक उचललें कीं तेल वायूला दाबतें आणि वायु स्प्रिंगचें काम करतो. ओझें वाढलें तर पंप अधिक तेल पाठवून गाडीची उंची पूर्ववत् करतो. १९५४ सालीं ही रचना एका गाडीच्या फक्त मागच्या चाकांना लावून पाहिली, आणि ऑक्टोबर १९५५ मध्यें पॅरिसच्या प्रदर्शनांत चारही चाकांवर ती घेऊन ‘डी. एस. १९’ अवतरली. पहिल्याच दिवशीं सुमारें बारा हजार मागण्या नोंदल्या गेल्याचें सांगतात.

परंतु गाठी बांधणारें यंत्र एका जागीं उभें असतें. त्याचें तेल गळलें तर खालीं परात ठेवितां येते. मोटारींत हेंच तेल वातावरणाच्या दीडशेंहून अधिक पट दाबाखालीं धांवत असतें, आणि ब्रेक व सुकाणूंचें साहाय्य हींहि त्याच्यावरच अवलंबून! पहिलें लाल तेल हवेंतील ओल शोषून घेई. त्या ओलीनें केंसाहूनहि सूक्ष्म फटींच्या झडपा आंतून गंजत आणि गळती लागे. खेड्यांतील कारागिरास पाटा बदलावयास ठाऊक होता. हें रक्ताभिसरण त्यानें पाहिलेंच नव्हतें. अखेर १९६७ च्या गाड्यांपासून खनिज जातीचें हिरवें तेल आलें आणि निम्मी दुखणीं निवालीं. मात्र लाल गाडींत हिरवें किंवा हिरव्या गाडींत लाल तेल ओतलें कीं रबरी पडद्यांचा नाश ठरलेला. दुसरें दुखणें अधिक लबाड आहे. नत्रवायु रबरांतून वर्षानुवर्षें झिरपत राहतो. गाडी इतकी हळूहळू कडक होते कीं मालकाला त्याचा पत्ताच लागत नाहीं.

तथापि या यंत्रणेस केवळ नाजूक म्हणणें अन्यायाचें होईल. २२ ऑगस्ट १९६२ रोजीं पेटी-क्लामार येथें जनरल द गॉल यांच्या गाडीवर गोळीबार झाला. दोन टायर फुटले असतांहि डी. एस. त्यांना घेऊन निसटली.

१९७० सालीं जिनीव्हा येथें आलेली ‘एस. एम.’ ही खरी वेगाची गाडी. पोट सित्रोएनचें, हृदय इटलीच्या माझेराटीचें. तिच्या दुरुस्तीच्या कहाण्या फार पसरल्या आणि लोकांनीं सारा दोष तेलाच्या नळ्यांवर लोटला. वस्तुतः तिचा मोठा घात इंजिनाच्या आंतील सांखळीनें केला! १९७५ सालीं ती बंद झाली तेव्हां जेमतेम १२,९२० गाड्या निघाल्या होत्या. त्याच वर्षीं मर्सिडीझनें आपल्या ‘४५० एस. ई. एल. ६·९’ मध्यें याच तत्त्वाचा स्वीकार केला. पण दाब गेला तर सावकाश घरीं पोंचतां यावें म्हणून आंत घट्ट रबराचे आधार ठेवले. जर्मन सावधपणा तो हाच.

शर्यतींत १९८७ सालीं लोटसच्या संगणकनियंत्रित द्रवयंत्रणेवर सेना यांनीं मोनॅको जिंकलें, १९९२ सालीं विल्यम्सच्या गाडीनें मॅन्सेल यांना जगज्जेते केलें, आणि १९९४ पासून नियमांनींच अशा यंत्रणेस बंदी केली.

खुद्द सित्रोएननें २०१७ सालीं ‘सी ५’ बरोबर ही रचना सोडून दिली. साध्या स्प्रिंगा व सुधारलेले शॉक-अॅब्सॉर्बर स्वस्तांत जवळपास तेंच सुख देऊं लागले होते. २०२१ सालीं हीच कंपनी ‘सी ५ एअरक्रॉस’ घेऊन भारतांत उतरली, ती पोलादी स्प्रिंगांवर. तेल उरलें होतें तें शॉक-अॅब्सॉर्बरांत आणि त्यांच्या दोन टोंकांस, खड्ड्याचा शेवटचा आघात झेलण्यापुरतें.