प्लायवूडच्या दोन तक्त्यांतून

ऑप्टिमिस्ट ही लहान मुलांची शर्यतीची होडी पाहिली की आधी नजरेत भरतं ते तिचं बोथट तोंड. होडीची नाळ निमुळती असावी, तिनं पाणी कापत जावं, हे आपल्या कोकणकिनाऱ्यावरचं शाळकरी पोरही सांगेल. ऑप्टिमिस्टची नाळ मात्र करवतीनं आडवी छाटल्यासारखी. याचं कारण लाकडाच्या वखारीत सापडतं.

१९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी मेजर क्लिफर्ड मॅके यांनी तिथल्या ऑप्टिमिस्ट क्लबापुढे एक कल्पना मांडली. त्या काळी मुलं घरी बनवलेल्या बिनइंजिनाच्या गाड्या उतारावर सोडून शर्यती लावत. मॅके म्हणाले, हाच खेळ पाण्यावर का नको? अट एवढीच की होडी बापलेकांना घरच्या घरी बांधता यावी आणि खर्च ५० डॉलरच्या आत बसावा. काम आलं क्लार्क मिल्स या बोटी बांधणाऱ्या कारागिराकडे. प्लायवूडचा तक्ता बाजारात ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद मिळायचा, आणि असे दोनच तक्ते परवडणार होते. नाळ टोकदार काढायची तर तेवढ्या लांबीत होडी बसेना. मिल्सनं टोकच काढून टाकलं. राहिली सुमारे २.३ मीटरची पेटीसारखी होडी, तिला एक चौकोनी शीड, ते कोपऱ्यातून ताणून धरायला एक तिरकी काठी, आणि पोटातून पाण्यात सोडायची एक फळी. पुढे १९५४ च्या सुमारास आक्सेल डॅमगार्ड यांनी ती डेन्मार्कला नेली आणि तिथून ती जगभर पोहोचली. आज कितीतरी देशांच्या किनाऱ्यांवर पंधरा वर्षांपर्यंतची मुलं हीच होडी हाकत शर्यतीचे पहिले धडे घेतात. मला वाटतं, एवढ्या कमी लाकडात एवढ्या माणसांना समुद्र दाखवणारी दुसरी होडी झाली नाही.

त्याच १९४७ साली इंग्लंडात जॅक होल्ट यांची कॅडेट पाण्यात उतरली. तीही मुलांसाठीच. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नव्हतं, पण दोन्हींमागे हात एकाच गोष्टीचा होता. महायुद्धात लाकडी विमानं बांधताना पाण्यानं न सुटणारे गोंद आणि भरवशाचं प्लायवूड सिद्ध झालं होतं. त्याआधी होडी बांधायची म्हणजे वाफेवर फळ्या वाकवणाऱ्या मुरलेल्या सुताराचं काम. आता सपाट तक्ते कापून, कडेला कड लावून चिकटवता येत होते. लंडनला थेम्सकाठी पटनीत कारखाना असलेल्या होल्ट यांनी हे ओळखलं आणि आयुष्यभर सामान्य माणसाला बांधता येतील अशाच होड्या काढल्या.

त्यांच्यामागे पैसा उभा केला तो नियतकालिकांनी. कॅडेटला ‘यॉटिंग वर्ल्ड’ मासिकाचा पाठिंबा होता. १९५६ ची एंटरप्राइज ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकानं पुढे आणली आणि गाजावाजा व्हावा म्हणून ऐन जानेवारीत, रात्रीच्या वेळी, दोन एंटरप्राइज इंग्लिश खाडी ओलांडून नेल्या. चार मीटरच्या उघड्या होडीतून! तिची निळी शिडं पुढे तिची ओळख झाली.

लाल शिडं आली ती ‘डेली मिरर’ची. १९६३ च्या लंडन बोट शोमध्ये मांडलेली मिरर होडी होल्ट यांनी बॅरी बकनेल यांच्यासह केली. बकनेल टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारे. घराघरातल्या हौशी हातांना काय जमतं आणि काय जमत नाही याची त्यांना पक्की जाण होती. कापलेल्या तक्त्यांच्या कडांना भोकं पाडायची, गोधडीला टाके घालावेत तशी त्यांतून तांब्याची तार ओवायची आणि पीळ देऊन तक्ते एकमेकांना भिडवायचे. मग सांध्यावर काचतंतूची पट्टी ठेवून वर राळ ओतायची. राळ घट्ट झाली की तारेचे बाहेर राहिलेले पीळ छाटायचे. सांगाडा नाही, साचा नाही. डोलकाठीही मुद्दाम तुकड्यांची, म्हणजे सगळे दांडे होडीच्या लांबीत मावावेत. किटची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. अशा जवळजवळ सत्तर हजार मिरर झाल्या. मोठ्या नौकांच्या इतिहासात होल्ट यांचं नाव ठळक दिसत नाही, ही मोठी उणीव आहे.

याच वळणाची, पीटर मिल्न यांची १९६२ ची फायरबॉल. तीही सपाट प्लायवूडची, बोथट नाळेची, पण मोठ्यांसाठी आणि चांगलीच वेगवान. जोडीतला एकजण डोलकाठीवरून आलेल्या तारेला कमरेनं लटकून होडीच्या काठावर पाय रोवतो आणि अंग पाण्यावर झोकून देतो. या होडीशी मुंबईचं नातं आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. तिथे फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉलमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. एंटरप्राइजमधलं सुवर्ण कराचीच्या बैराम आणि गोश्पी अवारी या दांपत्यानं नेलं. इंग्लंडच्या मध्यमवर्गासाठी निघालेल्या होड्यांवर तेव्हा आशियाची पदकं ठरत होती.

प्लायवूडचं राज्य मोडलं ते लेझर नावाच्या होडीनं, आणि तिचाही जन्म किनाऱ्यावरच्याच गरजेतून झाला. १९६९ मध्ये मॉन्ट्रियलच्या इयन ब्रूस यांना एका कॅनेडियन दुकानसाखळीनं सहलीच्या सामानात विकायला, मोटारीच्या टपावर बांधून नेता येईल अशी होडी मागितली. इयन ब्रूस यांनी ब्रूस कर्बी यांना फोन लावला. ऑलिंपिक खेळलेले कर्बी तेव्हा शिडाच्या नौकांच्या एका मासिकाचे संपादक होते. बोलता बोलता त्यांनी कागदावर एक आकृती गिरवली. दुकानानं बेत सोडून दिला, पण आकृती राहिली. १९७० च्या ऑक्टोबरात विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला स्वस्त होड्यांच्या शर्यतीत तिच्यावरून बांधलेली होडी उतरली. हान्स फोग यांनी तिचं शीड कापलं होतं. पुढच्याच जानेवारीत न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये १४४ लेझर विकल्या गेल्या. आज हा आकडा दोन लाखांपलीकडे आहे.

लेझर जोडायला फार वेळ लागत नाही. डोलकाठीचे दोन तुकडे एकमेकांत खोवायचे, शिडाची बाही त्यावर चढवायची आणि ती काठी होडीतल्या भोकात उभी करायची. आधाराला तारा नाहीत. फायबरग्लासचं अंग साच्यातून निघतं, त्यामुळे प्रत्येक होडी सारखी. मग उरतो तो हाकणारा. १९९६ ला लेझर ऑलिंपिकमध्ये आली तेव्हा ब्राझीलचा रॉबर्ट शाइट पहिला आणि ब्रिटनचा बेन एन्स्ली दुसरा. २००० मध्ये एन्स्ली पहिला, शाइट दुसरा. होडी तीच होती.

वजनाची अडचण मात्र होती. मूळचं सात चौरस मीटरचं शीड हलक्या माणसाला वाऱ्यात आवरत नाही. त्यावरचा तोडगा सोपा निघाला: होडी तीच ठेवायची, डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड तेवढं बदलायचं. असे तीन आकार झाले. २०१९ मध्ये नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि शर्यतीत ते इल्का ७, इल्का ६ आणि इल्का ४ झाले. टोकियो ऑलिंपिकला पोहोचलेली नेत्रा कुमनन इल्का ६ ची. ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यतींत उतरलेली ती पहिली भारतीय स्त्री. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत भोपाळच्या तलावावर शिकलेल्या नेहा ठाकूरनं इल्का ४ मध्ये रौप्य आणि मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये घडलेल्या विष्णू सरवणननं इल्का ७ मध्ये कांस्यपदक घेतलं.