नावडत्या पिढीची कैफियत

जुन्या मोटारींवर जीव टाकणाऱ्या मंडळींत बसले की एक गंमत हमखास दिसते. पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्‌स कारच्या आठ पिढ्यांपैकी श्रेष्ठ कोणती, यावर तासन्‌तास वाद रंगतो. कुणी १९७३च्या कॅरेरा आरएसचा कैवार घेतो, कुणी ९९३चा. कनिष्ठ कोणती यावर मात्र वाद होत नाही. १९९७पासून पुढे सात-आठ वर्षे बनलेली ९९६ हीच ती, असे सगळे धरून चालतात. मीही बरीच वर्षे तसेच धरून चाललो होतो. या लेखाच्या निमित्ताने सगळ्या पिढ्या ओळीने लावल्या, त्यांची मापे शेजारी शेजारी मांडली, आणि माझे मत फिरले.

आधी या आकड्यांविषयी थोडे. ९११ हे गाडीचे नाव. ९६४, ९९३, ९९६ हे कारखान्याचे अंतर्गत क्रमांक. शौकिनांनी ते उचलले आणि पिढ्यांची नावे करून टाकली. त्यांत चढता-उतरता क्रम शोधू नये. ९९७नंतर ९९१ येते आणि मग ९९२. खुद्द ९११ हे नावही तडजोडीतून आलेले. सप्टेंबर १९६३मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात गाडी आली ती ९०१ म्हणून. मध्ये शून्य असलेली तीन आकडी नावे आपली आहेत, असा दावा फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने केला. मग शून्याच्या जागी एक आला.

गाडीचे रूप फर्डिनांड आलेक्झांडर पोर्शे या तरुणाने घडवले. कंपनीचे प्रमुख फेरी पोर्शे हे त्याचे वडील आणि फोक्सवॅगन बीटलचे जनक फर्डिनांड पोर्शे हे आजोबा. या गाडीतला सर्वांत मोठा वारसा आजोबांचा आहे. बीटलमध्ये त्यांनी इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवले होते आणि ते हवेने थंड होत असे. स्वस्त गाडीसाठी ही युक्ती नामी होती. इंजिन, गियरबॉक्स आणि गाडी ढकलणारी चाके एकाच ठिकाणी आली. लांब दांडा नको, रेडिएटर नको, हिवाळ्यात पाणी गोठण्याची धास्ती नको. युद्धानंतर पोर्शे कुटुंबाने आपल्या नावाची पहिली गाडी, ३५६, बांधली ती याच सामानातून. ३५६च्या पोटी ९११ जन्मली. सहा सिलिंडरचे, आडवे, दोन लिटरचे, १३० अश्वशक्तीचे नवे इंजिन आले, पण बसले जुन्याच जागी.

ती जागा अडचणीची आहे. सायकलच्या कॅरिअरवर गॅसचा सिलिंडर बांधून ज्याने कधी वळण घेतले आहे, त्याला वेगळे समजावण्याची गरज नाही. वजन मागे लोंबत असले की वळणावर गाडीची शेपूट बाहेर फेकली जाऊ पाहते. त्यात चालक घाबरला आणि त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की भार पुढे सरकतो, मागच्या टायरांची पकड सुटते आणि गाडी गर्रकन फिरते. सुरुवातीच्या ९११ची ही खोड इतकी उघड होती, की कारखान्याने पुढच्या बंपरच्या आत दोन्ही कोपऱ्यांना लोखंडी वजने ठेवली. अभियांत्रिकीच्या इतिहासात इतका प्रामाणिक उपाय विरळा. मग १९६९च्या मॉडेलसाठी मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवली. इंजिन जिथे होते तिथेच राहिले, चाके मात्र त्याच्या थोडी जवळ आली. शिवाय एका बॅटरीच्या दोन लहान बॅटऱ्या करून त्या नाकाशी दोन बाजूंना बसवल्या. १९७३च्या कॅरेरा आरएसला मागे बदकाच्या शेपटीसारखा उचललेला पत्रा आला, तो वेगात मागचा भाग रस्त्याला दाबून धरण्यासाठी. ५०० गाड्या बनवायच्या होत्या, १,५८० बनल्या.

१९७४ची दुसरी पिढी अमेरिकेच्या बंपर-नियमांमुळे ओळखू येते, एरवी ती पहिलीच गाडी आहे. तिच्यातून १९७५ची टर्बो निघाली. २६० अश्वशक्ती आणि जरा उशिराने, पण एकदम येणारा जोर. वळणाच्या मध्यावर हा जोर आला तर काय होत असेल याची कल्पना करावी. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तिला ‘विधवा करणारी’ असे नाव ठेवले होते.

याच सुमारास कंपनीच्या वरिष्ठांना वाटू लागले, की बीटलच्या या नातीचे दिवस भरले. १९७२मध्ये कुटुंबीय कारभारातून बाजूला झाले होते आणि एर्न्स्ट फुरमान प्रमुख झाले होते. स्वतः उत्तम इंजिन-रचनाकार असलेल्या या माणसाच्या कारकिर्दीत १९७७ साली ९२८ आली. पुढे आठ सिलिंडरचे इंजिन, पाण्याने थंड होणारे, वजन दोन्ही टोकांना नीट वाटलेले. अभियंत्याच्या दृष्टीने निर्दोष. युरोपातला १९७८चा ‘कार ऑफ द इयर’ हा मानही तिला मिळाला. ९११ची जागा तिने घ्यायची असे ठरल्यातच जमा होते.

ते कसे फिरले याची हकीकत पेटर शुट्झ यांनी पुढे अनेकदा सांगितली. बर्लिनमध्ये जन्मलेले, ज्यू असल्यामुळे लहानपणीच कुटुंबासह अमेरिकेला जावे लागलेले शुट्झ १९८१च्या आरंभी पोर्शेचे प्रमुख झाले. मुख्य अभियंता हेल्मुट बोट यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. ९२८ आणि ९४४ यांच्या रेषा पुढच्या वर्षांत जात होत्या, ९११ची रेषा १९८१च्या अखेरीला थांबत होती. शुट्झ यांनी मार्कर घेतला आणि ती रेषा तक्त्याच्या कडेपलीकडे थेट भिंतीवर नेली. सांगणारे ते स्वतःच असल्यामुळे हकीकतीला थोडे रंगरोगण चढले असेलही. पण गाडी वाचली हे खरे.

१९८९च्या ९६४कडे पाहताना मला नेहमी जुन्या वाड्याची आठवण होते. दर्शनी बाजू तशीच ठेवून आतून सगळे बदललेले. टॉर्शन बार गेले, कॉइल स्प्रिंग आल्या. पॉवर स्टीअरिंग आणि एबीएस आले, चारही चाकांना जोर देणारी आवृत्ती आली. ८५ टक्के भाग नवे, असे कंपनीच सांगत होती. तरी काच तीच, छप्पर तेच. मग १९९३ची ९९३. तिच्या मागच्या चाकांची टांगणी इतकी सुधारली होती, की तीस वर्षांची खोड जवळजवळ काबूत आली. हवेने थंड होणारी ही शेवटची ९११. १९९८मध्ये तिचे उत्पादन संपले. आज तिचेच सर्वाधिक कौतुक होते आणि ते अनाठायी नाही.

पण ९९३ सुंदर दिसत होती त्या वर्षांत कंपनी बुडायला आली होती, ही गोष्ट कौतुकाच्या भरात गळून जाते. १९८०च्या दशकाच्या मध्याला वर्षाला पन्नास हजारांवर गाड्या विकणारी पोर्शे १९९२-९३मध्ये सुमारे चौदा हजारांवर आली. निम्म्याहून अधिक गाड्या अमेरिकेत जात आणि डॉलर घसरला होता. कारखान्यात जुन्या कारागिरीचा अभिमान होता, पण ती कारागिरी महाग पडत होती. नोकऱ्या गेल्या. मोठी कंपनी हिला गिळणार अशी चर्चा होती. नवे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले जपानी सल्लागार श्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझेनला आणले. सुट्या भागांची फडताळे इतकी उंच होती, की कामगार शिड्या लावून चढत. सल्लागाराने वीडेकिंग यांच्या हाती करवत दिली आणि फडताळे कमरेच्या थोडे वर कापायला लावली. जर्मनीतल्या नामांकित कारखान्याचा मुख्य अधिकारी कामगारांदेखत लाकूड कापतो आहे, हे दृश्य मला मार्करच्या रेषेपेक्षा अधिक बोलके वाटते.

या टंचाईतून ९९६ निघाली. एकाच पैशात दोन गाड्या करायच्या होत्या. एक स्वस्त बॉक्स्टर, दुसरी नवी ९११. नाकापासून दारांपर्यंतचा भाग आणि आतला बराच सरंजाम दोघींत सामाईक ठेवला. हेडलाइट, इंडिकेटर, फॉग लाइट सगळे एकाच तुकड्यात बसवले. जुळवणीचा वेळ वाचला. तो तुकडा अंड्याच्या फुटलेल्या बलकासारखा दिसतो अशी टिंगल झाली आणि ती अजून चालू आहे. वाहकाच्या बाजूचे प्लॅस्टिक हलके होते. इंजिनातल्या इंटरमिजिएट शाफ्टचे बेअरिंग काही गाड्यांत निकामी होई आणि पूर्ण इंजिनच हातचे जाई. हा दोष खरा आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. मात्र याच पिढीच्या टर्बो आणि जीटी३ या आवृत्त्यांत वेगळे इंजिन होते. हान्स मेत्झगर यांच्या जुन्या घराण्यातले, पाण्याने थंड होणारे.

आणि मग पाणी. ९९६वरचा मुख्य आरोप हाच, की तिने हवा सोडली. आवाजाचे आणि धुराचे नियम कडक होत होते. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा केल्या तर धूर कमी आणि जोर जास्त, पण चार झडपांचे डोके नुसत्या वाऱ्याने थंड राखणे कठीण. हे पोर्शेला फार आधीपासून ठाऊक होते. १९७८च्या ९३५ या शर्यतीच्या गाडीत सिलिंडरची डोकी पाण्याने थंड होत होती. १९८०च्या दशकातल्या ९५९ या रस्त्यावरच्या गाडीतही तेच. शिवाय ‘हवेने थंड’ हेही अर्धसत्यच. त्या इंजिनांतले भरपूर तेल निम्मे काम करत होते. तेव्हा पाणी घरात १९९७ला शिरले नाही. ९९६ने फक्त ते पुढच्या दाराने आणले.

जुन्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असते, की प्रत जुनी म्हणून तिचा पाठ अस्सल ठरत नाही. ९११च्या बाबतीत मला नेमके हेच दिसले. १९६३मध्ये इंजिन मागे बसले कारण ३५६मध्ये ते मागे होते. १९७४ला ते मागे राहिले कारण पत्र्याचे साचे तेच होते. ९६४ आणि ९९३मध्येही मूळ सांगाडा १९६३चाच. जागा बदलायची म्हटले तरी बदलता आली नसती. ९९६ ही पहिली गाडी जिचा सांगाडा पूर्ण नवा होता. ती ९९३हून १८५ मिलिमीटर लांब झाली आणि तरी पन्नासेक किलोंनी हलकी. कोऱ्या कागदावर आखणी चालली होती. शेजारच्याच कागदावर बॉक्स्टर होती, तेच नाक, तीच दारे, त्याच घराण्याचे इंजिन, आणि तिच्यात ते मागच्या चाकांच्या पुढे, गाडीच्या मध्याकडे बसवले होते. पुस्तकाप्रमाणे बरोबर जागा तीच. तिथे इंजिन बसवणे त्यांना येत होते, ते रोज बसवत होते. तरी ९११चे इंजिन त्यांनी उचलून पुन्हा मागच्या चाकांच्या मागे ठेवले. मागे दोन चिमुकल्या जागा, डॅशबोर्डवर एकमेकांत शिरलेली पाच गोल घड्याळे आणि स्टीअरिंगच्या डावीकडे किल्ली, हेही ठेवले.

म्हणून माझ्या मते आधीच्या चार पिढ्यांना हे इंजिन वारशाने मिळाले, ९९६ने ते निवडले. यामागे ग्राहकांची धास्ती होती की अभियंत्यांचा हट्ट, हे ज्याने त्याने ठरवावे. मला त्यात दोन्ही दिसतात.

ग्राहकांनी तिला पसंत केलेच. सुमारे पावणेदोन लाख ९९६ विकल्या गेल्या, ९६४ आणि ९९३ मिळून झाल्या त्याहून जास्त. त्यावर कंपनी उभी राहिली, आणि उभी राहिल्यावर तिने सर्वांत आधी काय केले, तर २००४च्या ९९७ला गोल हेडलाइट परत दिले. शौकीन खूश झाले. त्या गोल दिव्यांच्या मागचा सांगाडा बराचसा ९९६चाच होता, इकडे फारसे कुणी पाहिले नाही.

त्यापुढच्या पिढ्यांविषयी थोडक्यात सांगतो. २०११च्या ९९१मध्ये चाकांमधले अंतर १०० मिलिमीटरने वाढले आणि इंजिन पुढे ढकलल्यासारखे झाले. खोड जवळपास उरलीच नाही. २०१८ला जाहीर झालेली ९९२ रस्त्यावर फारच मोठी दिसते. पहिली ९११ होती ४.१६ मीटर लांब, १.६१ मीटर रुंद आणि १,०८० किलोंची. साधी ९९२ कॅरेरा आली तेव्हा होती ४.५२ मीटर, १.८५ मीटर आणि सुमारे १,५०० किलो, ३८५ अश्वशक्तीची. २०२४मध्ये तिच्या जीटीएस आवृत्तीत विजेची मोटर आली, मधले काट्याचे घड्याळ जाऊन पडदा आला आणि किल्ली फिरवण्याऐवजी बटण दाबायचे झाले. बटण डावीकडेच आहे. उलट कॅलिफोर्नियात एक कार्यशाळा ९६४ गाड्या घेते आणि अफाट पैसे घेऊन त्यांना १९७०च्या सुमाराच्या ९११सारखे रूप देते. नव्या सांगाड्याला जुना मुखवटा. हाही एक पाठभेदच म्हणायचा.

११ मे २०१७ रोजी त्सुफेनहाउझेनमधून दहा लाखावी ९११ बाहेर पडली. कंपनीने ती विकली नाही, स्वतःकडेच ठेवली. रंग दिला १९६०च्या दशकातला आयरिश हिरवा. आत जुन्या पद्धतीचे लाकूड आणि चौकटीचे कापड लावले. पहिल्या गाडीची आठवण व्हावी म्हणून एवढी सगळी काळजी घेतलेल्या त्या गाडीच्या इंजिनाभोवती मात्र पाणीच खेळत होते.