गुटी, बाळगोळी आणि ग्राइप वॉटर

नवजात बाळाने अंगावर प्यालेले दूध थोड्या वेळाने परत तोंडावाटे काढणे, ज्याला घरगुती बोलीत दूध टाकणे किंवा गुळणी करणे म्हणतात, ही शरीररचनेच्या अपरिपक्वतेतून येणारी आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी अशी गोष्ट आहे. अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथील स्नायूंचे वलय जन्मानंतरचे काही महिने पुरेसे घट्ट मिटत नाही, जठराची धारणा अगदी थोडी असते, आहार पूर्णपणे पातळ असतो आणि बाळ दिवसाचा बराच काळ आडवेच असते. या साऱ्याचा परिणाम म्हणून पहिल्या तीन महिन्यांत जवळजवळ निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे प्रमाण सर्वाधिक असते, आणि मूल बसू लागले, वरचे खाऊ लागले की ते झपाट्याने उतरून वर्षाच्या आत बहुतेकांच्या बाबतीत संपते. जी तक्रार आपणहून थांबणार असते तिच्यावर केलेला कोणताही उपाय अखेरीस लागू पडल्यासारखा दिसतो, आणि बालसंगोपनाच्या इतिहासातील कित्येक औषधांची कीर्ती या एका गोष्टीवर उभी आहे. महाराष्ट्रापुरते पाहिले तरी आयुर्वेदाचे ग्रंथ, घरातील सहाण, मुंबईच्या गिरण्यांच्या चाळी आणि विलायती औषधांची दुकाने या सर्वांनी आपापल्या काळात या तक्रारीवर उपाय दिला. त्यातले काही शहाणपणाचे होते, काही निरुपयोगी, आणि एक तर प्राणघातक होता.

आयुर्वेदाने बालकांच्या आहारावरून त्यांचे तीन वर्ग कल्पिले: केवळ दुधावर असणारे क्षीरप, दूध व अन्न दोन्ही घेणारे क्षीरान्नाद आणि अन्नावर आलेले अन्नाद. क्षीरप बालकाच्या बहुतेक विकारांचे मूळ स्तन्यात, म्हणजे आईच्या किंवा दाईच्या दुधात, शोधले जाई. वात, पित्त व कफ यांपैकी जो दोष पाजणाऱ्या स्त्रीच्या शरीरात प्रबळ झाला असेल तो दुधात उतरतो आणि दुधातून बालकाला बाधतो, अशी ही उपपत्ती होती. तिन्ही दोषांनी दूध बिघडल्यास होणाऱ्या, उलटी व न पचलेला मल ही लक्षणे असलेल्या विकाराला अष्टांगहृदयात क्षीरालसक असे नाव आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात दुधाची परीक्षा सांगितली आहे: ते पाण्यात सोडावे, आणि फेस न येता, तंतू न सुटता, न तरंगता व न बुडता ते पाण्याशी एकजीव झाले तर शुद्ध समजावे. चिकित्सा अर्थातच बाळापेक्षा पाजणारीवर अधिक केली जाई, तिचे पथ्य सांभाळले जाई आणि औषध तिच्या पोटात जाई. तान्ह्या मुलाला औषधे पाजण्याच्या दृष्टीने पाहिले तर ही उपपत्ती चुकीची असूनही फलतः सौम्य ठरली, हे तिच्या बाजूने म्हणावे लागेल. मात्र बाळ ओकले की दोष आईच्या खाण्यात शोधण्याची जी सवय तिने लावली ती अजून गेलेली नाही, आणि बाळंतिणीच्या ताटातून आंबट, गार, वातूळ म्हणून एकेक पदार्थ काढून घेण्यामागे तीच आहे.

त्याच अध्यायातील एक निरीक्षण मात्र विशेष लक्ष देण्याजोगे आहे. दूध दाटून स्तन ताठर झाला असता थोडे दूध आधी काढून न टाकता बाळाला पाजले, तर त्याला खोकला, धाप आणि उलटी होते, असे सुश्रुतात म्हटले आहे. स्तन फार भरला असता दूध वेगाने येते, बाळाला घोट आवरत नाही, त्याबरोबर हवाही पोटात जाते आणि मग दूध उलटते, हे आजचे स्तनपान-मार्गदर्शकही सांगतात आणि उपायही तोच सुचवतात. याउलट पहिल्या दिवसांविषयीचा विधी आज अग्राह्य ठरला आहे. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते अशा समजुतीने तोवर बालकाला मध व तूप चाटवावे असे ग्रंथात सांगितले आहे. त्यामुळे आरंभी येणारा घट्ट, पिवळसर चीक, ज्यात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात, तो कित्येक घरांत शतकानुशतके पिळून टाकला गेला. मधाबद्दलही आज वैद्यकाचे मत असे की त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाच्या आतील मुलाला तो देऊच नये. बालरोगांना वाहिलेली काश्यपसंहिता, जिच्यातील वेदनाध्यायात बोलता न येणाऱ्या मुलाच्या हालचालींवरून व रडण्यावरून त्याचे दुखणे कसे ओळखावे याचे विवेचन आहे, ती तर नेपाळात सापडलेल्या खंडित पोथीवरून १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापली गेली. म्हणजे ज्या काळात घरोघर बाळांची दुखणी ओळखली जात होती त्या बहुतेक काळात हा ग्रंथ सामान्य वैद्याच्या हाती नव्हता.

घरातला व्यवहार ग्रंथांच्या आधारे नव्हे तर सुईण, आई आणि आजी यांच्या हातांनी चाले, आणि त्याचे केंद्र होते बाळगुटी. वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, बेहडा, सुंठ, हळकुंड, जायफळ, मायफळ, ज्येष्ठमध, काकडशिंगी, अतिविष, खारीक, बदाम अशी वाळकी द्रव्ये एका डबीत ठेवलेली असत आणि रोज आंघोळीनंतर सहाणेवर आईच्या दुधात किंवा उकळलेल्या पाण्यात उगाळून ते चाटण बाळाला दिले जाई. मात्रा वजनाने नव्हे तर वेढ्यांनी, म्हणजे द्रव्य सहाणेवर किती वेळा गोल फिरवले यावरून, ठरे. बाळ दूध टाकत असेल तर एखाद्या द्रव्याचे वेढे वाढवायचे, पोट घट्ट असेल तर हिरड्याचे, झोप नसेल तर जायफळाचे, असा हा हिशेब होता. सहाणेवर उगाळून निघणारा अंश फार थोडा असल्याने बहुतेक वेळा गुटीने बाधा होत नसे, आणि दररोज बाळाकडे निरखून पाहून वेढे ठरवण्याची सवय हाच तिचा खरा गुण म्हणता येईल. परंतु वेखंड हे आयुर्वेदाच्याच वर्गीकरणात वमनकारक, म्हणजे उलटी करवणारे, द्रव्य आहे, आणि जायफळाचा अंमल अधिक मात्रेत झोपेपुरता मर्यादित राहत नाही. शिवाय सहाण, पाणी आणि बोट यांपैकी एक जरी अस्वच्छ असले तरी गुटीतून हगवण पोटात जाई. पोट फुगले की बेंबीभोवती हिंगाचा लेप, आंघोळीनंतर ओवा व शेपांची धुरी, आणि एवढ्याने भागले नाही तर मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणे, हे त्याच व्यवहाराचे भाग होते.

आईला दूध कमी असेल किंवा ती दगावली असेल तर वरचे दूध, म्हणजे गाईचे अथवा शेळीचे दूध, पाणी घालून व बहुधा वावडिंग टाकून उकळले जाई आणि बोंडल्याने पाजले जाई. बोंडले म्हणजे पुढे चोच काढलेली लहान वाटी. तिने दूध थेंबाथेंबाने, बाळाला मांडीवर घेऊन पाजावे लागे. या भांड्याची योग्यता उशिरा कळली. रबरी बुचाच्या बाटलीच्या कानाकोपऱ्यांत दूध नासून जंतू वाढतात, उलट उघडे, गुळगुळीत बोंडले राखेने घासून उकळत्या पाण्याने धुता येते, म्हणून कमी दिवसांच्या बाळांना आज रुग्णालयांतही बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडल्यासारखेच चोचीचे भांडे वापरतात.

हा सारा व्यवहार घरात कोणीतरी वडीलधारे माणूस दिवसभर मोकळे आहे या गृहीतावर चाले, आणि मुंबईच्या कापडगिरण्यांनी ते गृहीत मोडले. कोकणातून व घाटावरून आलेल्या, रीळ आणि वाइंडिंग खात्यांत काम करणाऱ्या स्त्रिया बाळाला चाळीतील खोलीत एखाद्या म्हातारीच्या किंवा मोठ्या मुलीच्या हवाली करून दिवसभरासाठी जात. अशा बाळाला शांत ठेवण्यासाठी बाळगोळी दिली जाई. तिचा मुख्य घटक अफू होता. १९२२ मध्ये मुंबई सरकारच्या वतीने गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी, कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते, असे नोंदवले होते. आकडा काहीसा फुगवलेला असेल असे मानले तरी प्रथेच्या व्याप्तीबद्दल शंका उरत नाही. उपाय म्हणून बाळगोळी विलक्षण यशस्वी वाटे, आणि तिचे भयानकत्व नेमके यातच आहे: अफूने आतड्यांची हालचाल मंदावते, पोटाचा मुरडा थांबतो, बाळाला भूक लागत नाही, ते दूध मागत नाही आणि म्हणून टाकतही नाही. रडणे, ओकणे, हगवण या तिन्ही तक्रारी नाहीशा होऊन बाळ गुंगीत वाळत जाई. १९२१ साली मुंबईतील नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले; बाळंतपणाला गावी गेलेल्या स्त्रियांच्या बाळांचा जन्म गावी आणि मृत्यू मुंबईत लागत असल्याने हे प्रमाण वास्तवापेक्षा बरेच चढे दिसते, आणि मृत्यूंचा दोष एकट्या अफूवर टाकणेही योग्य नाही, कारण एकेका खोलीत दाटलेली कुटुंबे, साथी आणि आईचे स्वतःचे कुपोषण ही कारणे मोठी होती. बाळगोळीबद्दल अज्ञानी आयांना बोल लावणारे लेखन त्या काळी मुबलक झाले. पाजायला घरी जाण्याइतकी सुट्टी आणि रजेचा पगार यांचा प्रश्न त्या मानाने थोड्यांनी मांडला. मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा १९२९ मध्ये झाला, तो भारतातील असा पहिला कायदा होता.

बाळगोळीच्या जोडीला, आणि मध्यमवर्गात तिच्याऐवजी, ग्राइप वॉटर आले. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने १८५१ मध्ये ते तयार केले आणि १८७६ मध्ये त्या नावाची व्यापारमुद्रा नोंदवली. पूर्व इंग्लंडच्या दलदलीतील तापावर मुलांना दिल्या जाणाऱ्या औषधाने त्या बाळांचे पोटही शांत होते हे पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. खाण्याचा सोडा, साखर, पाणी, मद्यार्क आणि एका बीचे तेल असा तो पाठ होता. ही बी म्हणजे शेपा, ज्या मराठी घरांत बाळंतशोपा म्हणून बाळंतिणीला जेवणानंतर खायला देत आणि धुरीतही टाकत. जे द्रव्य स्वयंपाकघरातल्या डब्यात पडलेले होते तेच समुद्र ओलांडून, साखर आणि सुमारे साडेतीन टक्के मद्यार्क मिसळून, लेबल लावलेल्या बाटलीतून विकत घेतले जाऊ लागले. गोडीने बाळ क्षणभर रडणे विसरते आणि मद्यार्काने पेंगते, एवढे त्याच्या गुणाचे स्पष्टीकरण पुरेसे आहे. ब्रिटनमध्ये मद्यार्क त्यातून गेला तो १९९० च्या दशकात. दूरदर्शनच्या काळातील त्याच्या गाजलेल्या जाहिरातीत एका पिढीची आई पुढच्या पिढीच्या आईला तेच औषध सुचवते अशी साखळी दाखवली होती. ज्या आजीच्या हातून गुटीची सहाण सुटली होती तिच्याच तोंडी बाटलीची शिफारस घालणारी ही जाहिरात व्यापाराच्या दृष्टीने अचूक होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी उपायांपेक्षा पाजण्याच्या पद्धतीवरच अधिकार सांगणारे शास्त्र आले. न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग यांच्या शिकवणीनुसार बाळाला घड्याळ पाहून चार तासांनी पाजावे, मध्ये रडले तरी पाजू नये आणि रात्री तर नाहीच. दूध टाकणे हे अतिपाजण्याचे फळ समजले जाई. १९२४ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने देशभर बालसप्ताह साजरा झाला आणि आरोग्यशिक्षणाच्या अशा प्रयत्नांतून वेळापत्रकाचा हा विचार शिकलेल्या घरांत शिरला. त्याच वर्षी ग्लॅक्सो या दुधाच्या भुकटीच्या वितरणासाठी मुंबईत कंपनी स्थापन झाली, आणि गुटगुटीत बाळाच्या चित्राचा डबा प्रतिष्ठेचा ठरला. चार तासांच्या अंतराने पाजणाऱ्या आईचे दूध, मागणी घटल्यामुळे, खरोखरच कमी होते. मग डबा लागतो, मग बाटली लागते, आणि बाटलीने हवा गिळून बाळ पुन्हा दूध टाकते. या चक्रातून फायदा कोणाचा झाला हे वेगळे सांगायला नको. पुण्यातील सेवासदनासारख्या संस्थांनी परिचारिका व सुइणींच्या प्रशिक्षणातून शिकवलेली नाळ कापण्याची व हात धुण्याची शिस्त मात्र निर्विवाद उपकारक होती, आणि नव्या शास्त्राला सरसकट नाकारणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

नव्या वैद्यकाची याहून मोठी देणगी अशी की त्याने साधी गुळणी आणि घातक उलटी यांत फरक करायला शिकवले. जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट बंद होते तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून बाळ प्रत्येक पाजण्यानंतर जोराने, दूरवर उडेल अशी उलटी करते आणि भुकेलेलेच राहून वाळते. या विकाराचे नेमके वर्णन कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग यांनी १८८८ मध्ये केले, आणि जर्मनीतील रामष्टेट यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या शस्त्रक्रियेमुळे तोवर बहुधा मरणारी ही बाळे वाचू लागली. गुटी, दृष्ट आणि ग्राइप वॉटर यांच्या काळात अशी बाळे कशाने गेली हे कोणाला कळलेच नाही. हिरवी उलटी, जोराने उडणारी उलटी, वजन न वाढणे ही लक्षणे आज कोणताही बालरोगतज्ज्ञ आधी विचारतो, आणि ती नसतील तर बाळाला पाजल्यावर काही वेळ खांद्यावर उभे धरून ढेकर काढण्यापलीकडे सहसा काही सांगत नाही.

अंगावरच्या दुधाकडे वैद्यक परत वळले त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आईचे दूध न मिळणाऱ्या कमी वजनाच्या बाळांना तेथे इतर आयांचे दूध तापवून, जंतुरहित करून दिले जाऊ लागले. डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्याला स्तनपानाच्या प्रसारासाठी देशव्यापी जाळे स्थापन झाले, आणि पुढच्याच वर्षी संसदेने अर्भकांच्या दुधाच्या पर्यायांचे व बाटल्यांचे नियमन करणारा कायदा केला. त्याने डब्यावरील बाळाचे चित्र, आयांना फुकट वाटले जाणारे नमुने आणि रुग्णालयांतील प्रचार यांवर बंदी आली. २००३ च्या दुरुस्तीने ती आणखी कडक झाली. हा कायदा दुधाच्या पर्यायांपुरता, बाटल्यांपुरता आणि शिशुआहारापुरता आहे. ग्राइप वॉटर आणि तयार गुटी ही औषधे म्हणून विकली जात असल्याने त्याच्या कक्षेबाहेर राहिली, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये असे सांगणाऱ्या आरोग्यसेविकेच्या वस्तीतल्याच औषधाच्या दुकानात ती दोन्ही चिठ्ठीशिवाय मिळतात.