पंचेचाळीस विरुद्ध तीस

18 मार्च 2021. मी धुळ्याला सूतगिरणीत रिंगफ्रेमवर. जेवणाच्या सुट्टीत जळगावच्या दोस्ताचा फोन आला, महापौर शिवसेनेचा झाला म्हणून. मी म्हटलं, कसा काय? 2018 ला 75 पैकी 57 भाजपचे, 15 सेनेचे, 3 एमआयएमचे.

कसा ते ऐका. अडीच वर्षांनी महापौर नव्याने निवडतात, फोडाफोडीचा बाजार त्याच दिवसासाठी भरतो. भाजपचे 27 फुटले. करोनामुळे मतदान ऑनलाइन, फुटलेल्यांना सभागृहात तोंड दाखवायची पण गरज नाही. जयश्री महाजन 45, प्रतिभा कापसे 30. पक्षांतराचा 1986 चा कायदा आहे, पण तारखा पडेपर्यंत मुदत सरते. 2022 ला सेनाच फुटली. 2023 ला मुदत संपली, प्रशासक बसला.

पेपरवाले याला अस्थिरता म्हणतात. बरं. मग स्थिरता पण बघू. याच जळगावात वर्षानुवर्षं एका गटाची घट्ट सत्ता होती. तेव्हा झोपडपट्टीवाल्यांसाठी अकरा हजारांवर घरकुलं ठरली. पुरी झाली दीड हजाराच्या आसपास. 31 ऑगस्ट 2019 ला धुळ्याच्या विशेष कोर्टाने 48 जणांना दोषी ठरवलं, पुढे अपिलं झाली. पण घर काही कोर्टातून मिळत नाही. धुळ्यात डिसेंबर 2018 ला 74 पैकी 50 एकाच पक्षाचे, 2023 पर्यंत महापौर त्यांचाच. तिथे सत्ता हलली नाही. आपल्या वस्तीत काय हललं ते धुळ्याच्या पोरांनी लिहून पाठवावं, छापू.

आता आपलं. 3 ऑक्टोबर 1957 ला रिपब्लिकन पक्ष झाला, 1959 ला फुटला. पँथर 1972 ची, 1974 ला फुटली. पुढचे गट मोजत बसलो तर पाळी चुकेल. आपण फुटलो म्हणून कुठल्या महापौराची खुर्ची हलली सांगा. त्यांच्यात 27 फुटले तर भाव येतो. आपण फुटलो तर कुणी विचारत नाही, कारण आत आपण नाहीच. 74 व्या घटनादुरुस्तीने 1992 ला राखीव जागा पक्क्या केल्या, आपली माणसं निवडून जातात पण. चिन्ह दुसऱ्याचं, व्हीप दुसऱ्याचा.

मी सुट्टी संपेपर्यंत पुन्हा पुन्हा बेरीज केली. 57, 15, 3. पंच्याहत्तर भरतात.