वण पडलेले फुप्फुस आणि औषधांची परीक्षा

मंडळी, लोहाराच्या भात्याचे कातडे मऊ असते तोवर तो वारा घेतो आणि सोडतो. तेच कातडे वाळून ताठ झाले, म्हणजे कितीही जोर लावा, भाता फुगत नाही. माणसाच्या फुप्फुसाचेही कधी कधी असेच होते. आतल्या हवेच्या नाजूक पिशव्यांच्या भिंतींत जखमेच्या वणासारखे चिवट धागे तयार होतात, फुप्फुस आखडते आणि रक्ताला प्राणवायू कमी पडू लागतो. कोरडा खोकला येतो, चढण चढताना धाप लागते. कुणाच्या बाबतीत दगडाची धूळ, बुरशी धरलेला चारा किंवा संधिवात असे कारण सापडते. पुष्कळदा काहीच सापडत नाही.

हा आजार बहुधा वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. पण काहींच्या बाबतीत एकाएकी घात होतो. अंगणात हिंडणारा माणूस महिन्याभराच्या आत अंथरुणाला खिळतो. या अवचित बिघाडावर वैद्यकाने काय काय करून पाहिले, त्याची ही हकिकत.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय आहे. तेथील लुई हॅमन आणि अर्नोल्ड रिच या डॉक्टरांनी १९३५ साली, आणि मग १९४४ साली अधिक विस्ताराने, फुप्फुसात झपाट्याने वण पडून दगावलेल्या चार रोग्यांची माहिती छापली. त्यांच्या हाती तेव्हा उपाय असा नव्हताच. पुढे १९४८ साली फिलिप हेंच यांनी सांधेदुखीच्या रोग्यांना कॉर्टिझोन दिले. सुजलेले सांधे मोकळे झाले! १९५० साली हेंच आणि आणखी दोन संशोधकांना या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. मग डॉक्टरांनी सरळ हिशेब मांडला: आधी सूज येते, सुजेतून वण होतो, तेव्हा सूज मारली की वण थांबेल. त्या हिशेबाने फुप्फुसाच्या रोग्यांनाही स्टेरॉइड देऊ लागले.

१९९३ साली जपानमधील डॉक्टरांनी जुनाट आजारात असा एकाएकी बिघाड झालेल्या तीन रोग्यांची हकिकत प्रसिद्ध केली, आणि या प्रकाराकडे जगाचे लक्ष गेले. शिरेतून स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रा देण्याची वहिवाट पडली. रोगी वाचला तर औषधाचा गुण, दगावला तर आजारच भारी, असे म्हटले जाई. पण यातून औषधाची पारख कशी व्हावी?

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्ही मुलांना शास्त्र शिकवता, म्हणून पुढचा भाग मुद्दाम सांगतो. पारख करण्याची रीत अशी: रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे. एकाला खरे औषध, दुसऱ्याला दिसायला तसेच पण गुण नसलेले. कोणाला काय मिळाले, हे रोग्याला नि डॉक्टरलाही ठाऊक नसते.

अमेरिकेत स्थिर प्रकृतीच्या रोग्यांवर अशी परीक्षा झाली. तिचा निकाल २०१२ साली छापून आला. स्टेरॉइड आणि आणखी दोन औषधे मिळून घेणाऱ्या ७७ जणांपैकी ८ दगावले. बिनगुणाचे औषध घेणाऱ्या ७८ जणांपैकी अवघा १. म्हणजे वर्षानुवर्षे मोठ्या आशेने दिलेले औषधच घातक निघाले. एकाएकी बिघाड झालेल्यांची परीक्षा फ्रान्समध्ये झाली. तिथे दोन्ही गटांना स्टेरॉइड होतेच. एका गटाला सायक्लोफॉस्फमाइड हे जहाल औषध जादा दिले. २०२२ साली निकाल आला: तीन महिन्यांत जादा औषधवाले शंभरात ४५ दगावले, दुसरे ३१.

मग हाती उरले काय? प्राणवायू द्यायचा. जंतुसंसर्ग, हृदयाची कमजोरी, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतली गाठ, यांतले काही मुळाशी आहे का ते शोधून त्यावर इलाज करायचा. स्टेरॉइड आजही देतात, पण पुरावा दुबळा आहे हे जाणून. धाप कमी व्हावी, रोग्याला आराम पडावा, हाही इलाजाचाच भाग. असा बिघाड झाला की पुष्कळ रोगी तीन-चार महिन्यांच्या पुढे जात नाहीत, हे कटू असले तरी घरच्यांना डॉक्टरांनी सांगायला हवे. वण पडण्याचा वेग मंदावणारी पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब ही दोन औषधे अमेरिकेत २०१४ साली मान्य झाली. झालेला वण ती पुसत नाहीत.

म्हणून बिघाड होऊ न देणे हेच खरे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या देशातील नोंदणीत २७ केंद्रांवरचे १०८४ रोगी होते. जवळजवळ निम्म्यांचा आजार बुरशी, पाखरांची पिसे अशा गोष्टी श्वासातून गेल्याने झालेला, आणि त्यांतल्या पुष्कळांचा संबंध हवा गार करणाऱ्या कूलरशी दिसला. तेव्हा कूलरचे पाणी बदला, गवताची जाळी स्वच्छ ठेवा. भिजून बुरशी आलेला कडबा हलवताना नाकातोंडाला फडके बांधा. विडी सोडा. फ्लूची लस टोचून घ्या.

आणि घरात असा रोगी असेल, त्याची धाप नेहमीपेक्षा चार-आठ दिवसांत वाढली, तर ‘हवा बदलली असेल’ म्हणून थांबू नका. दुसऱ्याच्या गोळ्या देऊ नका, चालू गोळ्या मनाने बंद करू नका. जुने कागद नि क्ष-किरण चित्रे बरोबर घ्या आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.